पाण्याचा वॉर्ड

तुम्ही आमच्या विहिरीत गू सोडला आणि वरून तिचा कठडा रंगवला.

मी हे असंच लिहिणार. मैला, सांडपाणी, अपशिष्ट जल हे तुमचे शब्द, तुमच्या फलकांवर शोभतात. इंदूरच्या करुणानगरात आम्ही चार पिढ्या राहतो आणि इथे गूला गूच म्हणतात. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमची बदली होते आणि नवा येऊन सांगतो, हे माझ्या काळातलं नाही. म्हणून महापालिकेच्या खुर्चीलाच विचारतो. खुर्चीची बदली होत नाही.

दिवाळीनंतर तुम्ही टेकडीवरच्या सोसायट्यांची ड्रेनेज लाईन खाली नाल्याकडे नेली. सरळ नेली असती तर चौक फोडावा लागला असता. चौकात तुम्ही भंगारातल्या लोखंडाचा मोर उभा केलाय, लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात. मोर वाचला. लाईन वळसा घालून आमच्या गल्लीत आली आणि विहिरीच्या कठड्याला जवळजवळ चिकटून गेली. तुमच्या ठेकेदारानं सांधे कसे भरले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. हटकलं तर म्हणाला, "अंकल, ऊपर से पास है." मग तुम्ही कॉलेजची पोरं पाठवलीत, ब्रश घेऊन. त्यांनी कठड्यावर एक निळा थेंब काढला, हातपाय असलेला, हसणारा.

ही विहीर माझ्या आज्यानं खणली. तो महूच्या पलटणीतून पेन्शनीवर आलेला. तेव्हा वरच्या आळीच्या विहिरीत आम्हाला पोहरा टाकू देत नसत. वरची आळी म्हणजे होळकरांच्या फौजेत, कचेरीत असलेल्या मराठ्यांची. चार पेन्शनरांनी मिळून जागा घेतली, काळा पाषाण लागला, सुरुंग लावले, पाणी काढलं. आजही नळाला नर्मदा एक दिवसाआड येते. मधल्या दिवशी विहीर.

आणि वीस मार्चला, महाडच्या तळ्याची आठवण म्हणून, सगळं करुणानगर या विहिरीची एकेक ओंजळ पितं. वस्तीत पोटुशी बाई असेल तर पहिली ओंजळ तिची. पोटातल्यालाही हक्क पोचला पाहिजे, असं आजा म्हणायचा. ही रीत दुसरीकडे कुठे नाही. आमची आहे.

यंदा पोटुशी होती प्राची. माझी भाची, गिरिजाताईची एकुलती एक. सासर मानपूरला, नवरा पंचशील, त्याचं हायवेवर ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान. पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आलेली. ताई विमा कंपनीत नोकरीला, भावजी गेल्यापासून आमच्या बाबांजवळच राहते. बाबा म्हणजे दगडू हवालदार, पलटणीतून निवृत्त, ऐंशीच्या पुढचे. मी शेजारच्या खोलीत.

ताईला वास पहिल्यांदा आला. थंडीतच तिनं विहिरीचं पाणी प्यायचं बंद केलं. प्राचीला नळाचं पाणी, तेही उकळून. पंचशील मानपूरहून रोज फोन करायचा, "आई, तिला इकडे पाठवा ना. आपल्या ट्यूबवेलचं पानी मस्त आहे."

"वीस मार्च झाला की जाते," प्राची म्हणायची. "पहिली ओंजळ माझी आहे. सोडू का?"

ताई उकळलेल्या पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवायची. एवढीच तिची लढाई होती तेव्हा. पोरीला त्या पाण्यापासून लांब ठेवायचं, आणि बाबांना न दुखवता.

फेब्रुवारीत वरच्या आळीचे नानासाहेब आमच्या दारात आले. कोट, छडी, सगळं जागच्या जागी.

"दगडूजी, जरा बोलायचं होतं," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"आत येऊन बोला. बाहेर ऊन आहे."

"नको, बूट काढावे लागतील. पाण्याचं बोलायचं होतं. तुमची विहीर खराब झालीय. आमच्या बोरिंगला वास मारतो. तुमच्याकडून उतरतंय."

"आमच्याकडून."

"म्हणजे उताराच्या हिशेबानं म्हणतो मी."

"उताराच्या हिशेबानं तुम्ही खालचे निघालात," बाबा म्हणाले. "हे आधी कळलं असतं तर आमच्या वडिलांचे सुरुंग वाचले असते."

नानासाहेबांनी छडी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही भलतीकडे नेताय. मी तक्रार टाकलीय, फोटोसकट. ती विहीर बंद व्हायला पाहिजे."

ते गेले. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, ते खरं बोलतायत."

"खरं असेल. बोलतोय कोण?"

"पाणी काय, बोलणारा बघून नासतं?"

"गिरिजा, विहीर बंद करा हे त्यांच्या आज्यानं माझ्या बापाला सांगितलं होतं. आता तू सांगतेस."

दुसऱ्या कुठल्याही वस्तीत पाण्याला वास आला असता तर लोक रिकामे हंडे घेऊन तुमच्या दारात बसले असते. आम्ही बसलो नाही. तुमचं पाणी घाण आहे, हे वाक्य आम्हाला कुणी ऐकवलं ते आम्हाला ठाऊक आहे. ते स्वतःच्या तोंडानं म्हणायचं? वास यायचा, पोरांची पोटं बिघडायची, आणि आम्ही म्हणायचो, बाहेरचं काही खाल्लं असेल. मीसुद्धा हेच म्हणत होतो. आणि तुम्हाला हे नेमकं कळलं. आमच्याबद्दल तुम्हाला बाकी काही कळत नाही, पण हे कळलं.

कारण त्या तक्रारीच्या चौकशीला तुमचा साहेब मुद्दाम दिवस निवडून, वीस मार्चलाच आला. कॅमेरावाला घेऊन. गल्लीत शिरताच "जयभीम" म्हणाला. आजवर तुमच्यातला कुणी म्हणाला नव्हता. आम्ही विरघळलो. संबोधीनं, ती आमच्या विहारात लेझीम शिकवते, तिनं त्याला निळा गमछा घातला.

"शेजारची मंडळी तुमच्या विहिरीबद्दल काहीबाही लिहितायत," साहेब बाबांना म्हणाला. "मला पटत नाही. तुमचं काय म्हणणं?"

त्यानं पाणी तपासायला बाटली आणली नव्हती. कॅमेरा आणला होता.

"आमचं म्हणणं तोंडानं कशाला सांगू," बाबा म्हणाले. "बघाच."

बादली वर आली. पहिली ओंजळ प्राचीची. ताईनं तिचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "नुसतं ओठाला लाव."

"आई, सगळे बघतायत."

"बघू दे."

"आजोबा बघतायत." मग माझ्याकडे वळून हसली, "मामा, फोटो जरा वरून काढ हं, मी ड्रमासारखी दिसते." आणि ओंजळभर पाणी प्यायली. सगळं. हाताला राहिलेलं पोटावर पुसलं. मग बाबा प्याले, मग मी, मग गल्ली. ताई प्यायली नाही. दोन बायका तिच्याकडे बघून कुजबुजल्या, नोकरी लागली की विहीर नकोशी होते.

दुसऱ्याच दिवशी नानासाहेबांची तक्रार बंद झाली. शेरा असा होता की तक्रार निराधार, रहिवाशांनी स्वतः पाणी पिऊन दाखवलं. आणि चौकातल्या मोठ्या पडद्यावर मोराच्या बाजूला आमची गल्ली झळकायला लागली. निळा गमछा, बादली, हसणारी प्राची. खाली मोठ्या अक्षरांत, जनतेचा विश्वास. आम्ही पोरांना घेऊन बघायला जात होतो. खोटं कशाला बोलू.

ती मानपूरला गेली. चौदा एप्रिलला जयंतीसाठी महूला आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, गर्दीनं होतंय. मग उलट्या. मग डोळे पिवळे. पंचशीलनं गाडी काढली आणि तिला इंदूरला मोठ्या दवाखान्यात आणलं. पोटुशीला ही कावीळ सोसत नाही, डॉक्टर म्हणाले. घाणीच्या पाण्यातून येते. ती शुद्धीत होती तोवर ताईला एकच विचारत होती, "बाळ हलत का नाही?" बाळ आधी गेलं. मग ती.

त्याच ओंजळीतून दुखणं आत गेलं हे कशावरून, असं तुम्ही नंतर विचारलंत. डॉक्टरही सांगू शकले नाहीत, कुठला घोट ते. वाद नको. त्या ओंजळीतून नसेल तर आंघोळीच्या, चूळ भरलेल्या, भाजी धुतलेल्या पाण्यातून असेल. आहे त्याच विहिरीचं. निवडा तुम्हाला कुठला घोट हवा तो.

सगळं आटोपल्यावर बाबा पंचशीलसमोर उभे राहिले. हात जोडले नाहीत, लष्करी माणूस, सरळ उभे राहिले. म्हणाले, "मी पाजलं."

पंचशीलनं त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. मग म्हणाला, "पाजलं तुम्ही. कालवलं कुणी, ते बोला आता."

प्राचीच्या पुण्यानुमोदनाला विहारात गर्दी होती. वंदना झाली. आणि दारात नानासाहेबांची सून मधुरिमा दिसली, चपला हातात घेऊन, कुठे ठेवायच्या ते न कळून. वरच्या आळीतलं माणूस विहारात पहिल्यांदा आलं. ती ताईजवळ बसली आणि म्हणाली, "आमच्याकडे सासूबाईंना कावीळ आहे. माझ्या दिराच्या पोराला पण. बोरिंगचं पानी पिवळं येतं. आमचे पार्षद म्हणतात, विहीर त्यांच्या वॉर्डात आहे, त्यांना विचारा."

"आणि आमचा म्हणतो, तक्रार तुमच्या वॉर्डातून आली, तिकडे विचारा," ताई म्हणाली.

तुमच्या नकाशात वॉर्डाची रेघ आमच्या दोन गल्ल्यांच्या मधून जाते. तुम्ही ती पार्षद निवडायला, मतं मोजायला काढली. ताई त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. रडली नाही. तिचा आवाज ऑफिसात बोलतात तसा होता.

"जमिनीखाली रेघ आहे का?" ती म्हणाली. "पाणी एक आहे ना? मग वॉर्ड एक. ज्या घरांत हे पाणी पोचतं ती सगळी घरं एका वॉर्डात. त्यांनी माणसं जातीनं आणि मतानं वाटली. आपण पाण्यानं वाटू."

"ताई, पण अशा वॉर्डाला मान्यता कोण देणार?" मागून कुणीतरी विचारलं.

"विहीर खणली तेव्हा कुणी दिली होती?"

"म्हणजे आता वरच्या आळीबरोबर?" एक म्हातारी फणकारली. "उद्या एका पंगतीत बसवाल."

"पंगत नको, आजी," संबोधी म्हणाली. "गटार एक झालंय, तेवढं पुरे." विहारात दुखवटा असूनही लोक हसले. मधुरिमाही.

पुढच्या रविवारी चुन्याची डबडी घेऊन बायका निघाल्या. दोन्ही गल्ल्यांतल्या. घरोघरी पाण्याचा वास घ्यायचा, वास असेल तर उंबऱ्याबाहेर चुन्याची रेघ. रेघ आमच्या गल्लीतून वरच्या आळीत गेली, तिथून पिठाच्या गिरणीत, एका जिममध्ये, आणि मुलींच्या हॉस्टेलला वळसा घालून परत आली. हॉस्टेलातल्या पोरी कुठून कुठून क्लासला आलेल्या, कूलरचं पाणी बाटलीत भरून पीत होत्या. आपण कुठल्या वॉर्डात राहतो हेच त्यांना माहीत नव्हतं. ताई म्हणाली, आता माहीत झालं, सभेला या.

सभा दर रविवारी, एकदा विहारात, एकदा वरच्या आळीच्या मारुतीच्या ओट्यावर. पहिला ठराव साधा होता. विहीर आणि सगळी बोरिंगं प्यायला बंद. तो ठराव बाबांनी मांडला. त्यांना तो पूर्ण बोलता आला नाही, अर्धा मी बोललो. मग त्यांनी लाल कापड मागितलं. पलटणीत असताना कॅम्पात पाण्यावर झेंडे असायचे, प्यायच्या पाण्यावर पांढरा, धुण्याच्या पाण्यावर लाल, आणि लाल झेंड्याचं पाणी प्यालं तर शिक्षा. त्यांनी स्वतः बांबू रोवला आणि खाली खुर्ची टाकून बसले. बापानं खणलेल्या विहिरीवर पहारा. कुणाला पिऊ न देण्यासाठी. तुम्हाला याचा अर्थ कळणार नाही, पण लिहून ठेवतो.

झेंडे बोरिंगांवरही लागले. नानासाहेब कुरकुरले, "माझ्या दारात लाल झेंडा? लोक म्हणतील म्हाताऱ्यानं पार्टी बदलली."

"मामंजी, म्हणू द्या," मधुरिमा म्हणाली. "पानी तर बदललं ना आधीच."

तुमचा माणूसही तेच विचारत आला. "कोणत्या पार्टीचा झेंडा आहे हा?"

"धुण्याच्या पाण्याचा," बाबा म्हणाले.

दुसरा ठराव ताईचा. जो हे पाणी पितो तो या वॉर्डाचा सभासद, आणि जो या पाण्यात घाण सोडतो तोही. म्हणजे टेकडीवरच्या सोसायट्याही आमच्या वॉर्डात आल्या. आम्ही गेलो बोलवायला. गेटवर वॉचमननं इंटरकॉम लावला. वरून उत्तर आलं, आम्ही मेंटेनन्स भरतो, आमचा काही संबंध नाही. तुम्हालाही बोलावलं. तुम्ही टँकर पाठवला. टँकरवर तोच हसणारा थेंब होता. टँकर काही दिवस आला, मग आला नाही. लाईन वाहतच होती. हॉस्टेलातली एक पोर आजारी पडून देपालपूरला घरी गेली, तिच्या आईनं ताईला फोन केला, माझी मुलगी वाचेल ना? ताईनं तिला डॉक्टरांचा नंबर दिला. तिला खोटंही बोलवेना आणि खरंही.

त्याच आठवड्यात कळलं की शहर किती स्वच्छ आहे ते बघायला बाहेरून पथक येतंय. चौकात सडा, कुंड्या, मोराला नवा रंग.

रविवारी मारुतीच्या ओट्यावर तिसरा ठराव झाला. कुणी म्हणालं बाटल्या भरून साहेबाच्या टेबलावर ठेवू. ताई म्हणाली, तो हसून फोटो काढेल. कुणी म्हणालं उपोषण करू. नानासाहेब म्हणाले, माझी शुगर आहे. मग बाबांनी विचारलं, "ही लाईन वळवली कुठून?"

"मोराच्या आधीच्या चेंबरपासून," मी म्हणालो.

"मग चेंबर भरा. पाणी आपली मूळ वाट धरेल."

पोती मी आणली, वाळू गिरणीवाल्यानं दिली. बायकांनी भरली, बाबांनी शिवली. सुई दोनदा बोटात गेली, तरी त्यांनी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. पथक यायच्या दिवशी सकाळी, भर उजेडात, दोन्ही गल्ल्यांची माणसं चालत गेली. तोंडं झाकली नव्हती. मधुरिमानं लोखंडी झाकण सरकवायला पहिला हात लावला, पोती उतरली, झाकण परत बसवलं. आणि आम्ही फुटपाथवर बसलो.

थोड्याच वेळात टेकडीवरच्या सकाळच्या आंघोळी आणि बाकी सगळं खाली आलं. वाट नव्हती. ते चौकात वर आलं. मोराच्या पायांपाशी, कुंड्यांमधून, पथकाच्या गाड्या थांबणार होत्या तिथे. वरच्या पडद्यावर प्राची ओंजळ पीत होती. लोक नाकाला रुमाल लावून पळाले. ताई उठली नाही. ती पडद्याकडे बघत नव्हती, त्या पसरणाऱ्या काळ्या पाण्याकडे बघत होती, जणू मोजमाप घेतेय.

तुम्ही आलात. काय वेगानं आलात. मशिनी, पंप, सक्शनच्या गाड्या, हातमोजे घातलेली माणसं, फिनाईल, पोलीस. आठ महिने ज्या लाईनच्या सांध्याला हात लागला नाही तिची पोती तुम्ही दुपारच्या आत काढलीत. चौक धुतलात, अत्तरासारखं काहीतरी फवारलंत. पथकाला दुसऱ्या रस्त्यानं नेलंत. आणि लाईन पुन्हा आमच्या विहिरीला खेटून वाहायला लागली. तुमच्या लेखी काम झालं.

गुन्हा ताईवर, मधुरिमावर, माझ्यावर. बाबांचं नाव वयामुळे वगळलं तर ते ठाण्यात येऊन बसले, माझंही लिहा म्हणून. ठाण्यातल्या हवालदारानं त्यांना चहा दिला. नाव नाही लिहिलं.

तुमचा साहेब ठाण्यात आला. गमछा घातलेला तोच. ताईसमोर बसला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. सार्वजनिक जागी मैला आणला तुम्ही. कलम आहे यावर. शहराचं नाव गेलं."

"लिहून घ्या," ताई म्हणाली. "मैलाच लिहा. शब्द बदलू नका."

"आणि तुमची विहीर खराब, हे तुम्ही म्हणता कशावरून?" त्यानं मोबाईल काढला, तिच्यासमोर धरला. "तुमचे वडील. तुमची मुलगी. स्वतःच्या हातानं पितायत. रेकॉर्डवर आहे."

ताईनं तो व्हिडिओ पूर्ण पाहिला. पोटावर हात पुसेपर्यंत. मी उठलो तर तिनं मला हातानं बसवलं. मग तिनं साहेबाला एक प्रश्न विचारला. तो मोबाईल खिशात घालून उठला, मीटिंग आहे म्हणाला आणि गेला. पंचनाम्यात तिचा प्रश्न नाही. म्हणून मी इथे लिहितो, आणि हा प्रश्न आता तिचा एकटीचा नाही, पाण्याच्या वॉर्डाचा आहे. आमची सभा रविवारी आहे, मारुतीच्या ओट्यावर, सकाळी. टेकडीवरच्यांनाही निरोप गेलाय. नाही आलात तर त्याच्या पुढच्या रविवारी विहारात विचारू, आणि त्याच्याही पुढच्या. पोती अजून आहेत.

एकच पाईप. एकाच सोसायटीतून निघालेलं, एकाच दिवसाचं. ते चौकात आलं तर तुमच्या कागदावर मैला, गुन्हा, कलम. तेच आमच्या विहिरीत झिरपलं तर जनतेचा विश्वास. ते घाण ठरायला कुणाच्या दारात जावं लागतं? सांगा. नावासकट, सहीसकट सांगा.